जागा

महापालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर
निवारा सल्लागार समिती बसते, दर तिसऱ्या मंगळवारी.
हजेरीच्या कागदावर नाव, पत्ता, सही.
नाव लिहिते : केवळाबाई सोनाजी खंदारे.
पत्त्याच्या रकान्यात पहिल्या खेपेला रेघ मारली,
दुसऱ्या खेपेला लिहिलं,
जालना स्टेशन, मालधक्क्याकडची भिंत.
बाबू म्हणला, मावशी, असं चालत नाही.
मी म्हणलं, चाललंय की बारा वर्षं.

नऊ खुर्च्या. आठ जणांना घरं आहेत.
दोन नगरसेवक, लोखंडवाल्या शेठचा माणूस,
निवृत्त हेडमास्तर घनवट, कानात यंत्र,
रात्री दर्ग्यापाशी खिचडी वाटणारे मुकीतभाई.
आणि मी, लाभार्थी प्रतिनिधी.
हा शब्द दोन महिने तोंडात घोळवला
सुपारीसारखा.
फुटला नाही.

साहेब सारखं निधी निधी म्हणतात.
निधी आला, निधी पडून आहे,
मार्चअखेर निधी परत जाईल.
कुणी पाहुणा असावा असं वाटतं मला,
त्याची गाडी चुकेल म्हणून सगळ्यांची धावपळ,
आणि त्याच्यासोबत जेवायला बसवत कुणालाच नाहीत.

पोळ्याच्या आधी विषय होता रंग.
निवाऱ्याला रंग, फाटकावर कमान.
मी विचारलं, पेट्या कितीला येतील?
लहान. कुलपाच्या.
कशाला?

आता हे कसं सांगावं.
पांघरूण, तवा, आधार कार्ड, मालकाचा एक फोटो,
एवढं बोचकं काखेत धरून
मोंढ्यात कामाला उभं राहा,
मुकादम बोचक्याकडं बघतो
अन् मागच्या बाईला बोलावतो.
ठेवून जावं तर सांजच्याला
भिंत असते, बोचकं नसतं.
म्हणून जागा धरायची,
विटेनं, चपलेनं, फाटक्या पोत्यानं,
अन् तरी डोळा लावायचा नाही.
ज्याला जागा नाही, तो जागा.

हेडमास्तर हसले. म्हणले, व्याकरण बरोबर आहे.
साहेब म्हणले, पेट्यांना लेखाशीर्ष नाही.
मुकीतभाईंनी विचारलं, कमानीला आहे का?
मग बराच वेळ पंखाच तेवढा बोलला.

चाळीस पेट्या मंजूर झाल्या. बत्तीस आल्या.
आठांचं काय झालं, इतिवृत्तात नाही.

या मंगळवारी घरांची यादी.
कुंडलिकेपल्याड सत्तावीस खोल्या,
अर्ज सहाशेच्या वर.
तिसऱ्या नंबरला माझं नाव.
साहेब चष्म्यावरून बघत म्हणले,
तुमचा हितसंबंध येतो बाई, जरा बाहेर बसा.
मी उठले.
शेठच्या माणसाकडं पाहिलं,
या खोल्या त्याच्या मेव्हण्यानं बांधल्यात.
तो खिडकीबाहेर बघत होता,
बसल्या बसल्या.

व्हरांड्यात शिपाई भानुदास तंबाखू मळत होता.
हळूच म्हणला, मावशे, घर भेटलं की
समितीतून नाव कटतं बरं का.
तिथं बेघरच लागतो. नियम हाय.

मी भिंतीला टेकले. बोटं मोजायला लागले.
नळापाशी निजणारी इंदू, तिचं तान्हं,
स्टेशनावरचा मुका म्हातारा,
अन् ते बिदरकडचं पोरगं,
नाव विचारलं की रडतं.
यातलं आत कोण बोलेल?
इंदू बोलेल. आधी शिव्या देईल, मग बोलेल.
तिला सही तेवढी शिकवावी लागेल,
अन् पत्त्याच्या रकान्यात रेघ मारू नको म्हणून सांगावं लागेल.

दार उघडलं. या, बाई.
काय ठरलं कुणी बोललं नाही,
कागदावर 'सविस्तर चर्चा झाली' एवढंच.
माझी खुर्ची रिकामीच होती.
जाताना तिच्यावर पिशवी ठेवून गेले होते मी.
सवय.